ठमाबाईचं पाणी

ठमाबाईनं पोरीला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, तरी पोरगी रडेना. अंग निळं पडत चाललं होतं. वाकळेवर फुलाबाई डोळे मिटून पडली होती. तिची सासू द्वारकाबाई भिंतीला टेकून नुसती बघत होती.

"गेली व्हय गं?" द्वारकाबाईनं विचारलं.

ठमाबाईनं पोरीला मांडीवर सरळ घेतलं, न्हाणीसाठी तापवलेल्या पाण्यात हात बुडवला आणि त्या एवढ्याशा टाळूवर तीनदा पाणी सोडलं. सोडताना ती म्हणाली, "मी तुला बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." एवढं झाल्यावर तिनं जुना उपाय केला. मागून पडलेली वार अजून नाळेला होती. ती तिनं निखाऱ्यांवर तवा ठेवून त्यात शेकायला घेतली. नाळेतून ऊब पोरीच्या पोटात जाते असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, आणि तिच्या सासूला तिच्या सासूनं. नाळ हातानं कुरवाळत ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं पोरगी आधी शिंकली आणि मग अशी रडली की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

द्वारकाबाईचा जीव भांड्यात पडला. ती पुढं झाली, वाकून नातीचं तोंड बघितलं, आणि मग तिचं लक्ष पोरीच्या ओल्या टाळूकडं गेलं.

"ठमे, तू पानी घातलंस न्हवं?"

"घातलं आक्का. गेली आसंच वाटलं."

"आन आता?"

"आता काय? जगली की."

द्वारकाबाईला आनंद झाला होता, यात शंका नाही. पण तिच्या कपाळावर एक आठी उमटली ती उमटलीच.

ओढ्यापलीकडची ती वस्ती शेळगावची, पण शेळगावच्या विहिरीवर तिला पाय ठेवता येत नव्हता. महारवाड्यातली ही घरं पाच-सहा वर्षांपूर्वी कॅथलिक झाली होती. द्वारकाबाईचा नवरा सावळाराम हा त्यांच्यातला वडीलधारा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला याकोब हे नाव मिळालं होतं आणि ते तो रविवारी वापरत असे. बारामतीहून दर पंधरवड्याला एक गोरे फादर सायकलवर येत. त्यांचं आडनाव वस्तीत कुणाच्या जिभेला वळलं नाही, त्यामुळं ते सगळ्यांचे फादरबाबा झाले. वस्तीनं त्यांच्यासाठी मातीच्या भिंतींचं आणि पत्र्याचं एक देऊळ उभं केलं होतं. तिथं येऊन ते सांगत की देवापुढं सगळी माणसं सारखी. वस्तीला ते फार पटलं होतं. आपण गावाएवढेच आहोत, हे इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असाही होतो की मांगवाड्यातली ठमाबाई आपल्याएवढी आहे, आणि तिथं मात्र वस्तीचा पाय अडखळे.

ठमाबाई आणि तिचा नवरा बिरदेव असे दोघंच मांगवाड्यातून ख्रिस्ती झाले. आपल्या मागोमाग भावबंद येतील असं बिरदेवला वाटलं होतं. भावबंद आले नाहीत. त्यांनी या दोघांचंच येणं-जाणं तोडलं, आणि पुढच्या वर्षी बिरदेव तापानं गेला. ठमाबाईची लेकरं तर आधीच एकामागून एक गेली होती. आता ती मांगवाड्याच्या कडेला, बाभळीखालच्या खोपटात एकटी राहत होती. मांगवाडा तिला किरिस्ताव म्हणे आणि किरिस्ताव तिला मांगीण म्हणत. देवळात ती दाराजवळ बसे, आणि तिच्या आजूबाजूची तरटं रिकामी राहत. दारापाशी पवित्र पाण्याचं एक दगडी कुंड होतं. सगळ्यांनी त्यात बोटं बुडवावीत असा फादरांचा आग्रह होता. तो त्यांनी इतक्या वेळा धरला की शेवटी ठमाबाईच सगळे आत गेल्यावर बोट बुडवायला लागली. ती शेवटी आली म्हणजे फादरांचंही मन राहायचं आणि लोकांचंही.

सुईणीचं काम मात्र तिच्याचकडं होतं. बाळंतिणीला तिचा हात चाले. त्याची रीतच ठरलेली होती. ठमाबाई गेली की घर शेणानं सारवायचं, वाकळ ओढ्यावर न्यायची, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, म्हणजे तिचा विटाळ गेला. त्या वस्तीतल्या बहुतेक पोरांना जगातला पहिला हात ठमाबाईचा लागला होता, आणि प्रत्येकाच्या अंगावरून तो धुऊन काढला होता. तिला त्याचं वाईट वाटायचं. पण रोजच्या गोष्टीचं रोज किती वाईट वाटून घेणार?

मरायला टेकलेल्या लेकराला पाणी घालायला तिला फादरांनीच शिकवलं होतं. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, असा धर्माचा कायदा होता. वस्तीनंही कधी हरकत घेतली नव्हती. ठमाबाईनं पाणी घातलेली लेकरं मरत आणि स्वर्गात जात. तिच्या पाण्याचं लेकरू जगेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आठवडा उलटला आणि एके दिवशी सकाळी सावळाराम तिच्या खोपटाकडं आला. तो त्या बाजूला पूर्वी कधी आला नव्हता. बाभळीच्या अलीकडंच तो थांबला.

"ठमाबाय, हायेस का?"

"या की तात्या. बसा."

"बसत न्हाय." त्यानं पटका काढला आणि पुन्हा बांधला.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"पोरगी बरी हाय. बाकीचं बरं न्हाय."

ठमाबाई उंबऱ्यातच बसली. पाणी विचारावं असं तिच्या ओठावर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"मी बारामतीला जाऊन आलो," सावळाराम म्हणाला. "म्हणलं, फादरबाबा, आमच्या नातीला पुन्ना एकदा तुमच्या हातानं पानी घाला. तर न्हाय म्हणलं. बाप्तिस्मा येकदाच म्हणं. त्यो आत्म्यावरचा शिक्का हाय, जन्मात पुसत न्हाय. मग हात कुनाचाबी आसू द्या."

"आसं म्हणलं?"

"तोंडावर म्हणलं माझ्या. ह्या आयतवारी समद्यांम्होरं सांगनार हायती. द्येवानं ठमाबाईचा हात निवडला म्हणून."

पुसत न्हाय, पुसत न्हाय, असं ठमाबाई मनात म्हणत राहिली. आपल्या हाताचं काही पुसत नाही, हे तिला नवीन होतं. तिनं पदर तोंडाला लावला, कारण सावळारामापुढं हसू आलेलं बरं दिसलं नसतं.

"पर येक वाट हाय," सावळाराम म्हणाला. "पानी डोस्क्याला लागलं का न्हाय ह्याचाच संशय आसंल, तर फादरला पुन्ना करता येतंय. म्हंजी तू म्हणायचं, पानी दुपट्यावर सांडलं."

"द्वारकाआक्का हुत्या तितं. त्यांनी बघितलंय."

"तिला न्हाय दिसलं. तुझा पदर आड आला हुता." हे बोलताना तो ओढ्याकडं बघत होता.

"तात्या, लेकरू मेलं आसतं तर चाललं आसतं का माझं पानी?"

"मेलेल्या लेकराचं लगीन करावं लागत न्हाय, ठमाबाय."

सावळाराम वाईट माणूस नव्हता. बिरदेव गेला तेव्हा खड्डा खणायला वस्तीतून तो एकटाच आला होता. आताही तो चुळबूळ करत होता, आणि काही वेळानं तो आपणहूनच बोलला.

"तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. शेळगावच्या चावडीम्होरं मी उन्हात उभा ऱ्हायलोय, वहाणा डोस्क्यावर घिऊन. मी काय आंधळा न्हाय. पर वस्तीम्होरं माझ्या एकट्याचं चालत न्हाय. बायका येत्यात, दारातून बघत्यात आन जात्यात. पोरीला कुनी मांडीवर घेत न्हाय. फुला दिसभर एकटीच घिऊन बसती."

ठमाबाईनं मान वर केली.

"कुनीच घेत न्हाय?"

"द्वारकाबी घेत न्हाय. माझ्याच घरात ही तऱ्हा."

"बरं," ठमाबाई म्हणाली. याचा अर्थ हो की नाही, ते सावळारामला कळलं नाही. तिलाही कळलं नव्हतं.

रविवारी देऊळ भरलं. फादर पहाटेच निघाले असावेत, झग्याला बारामतीपासूनची सगळी धूळ होती. ते उंच, हाडकुळे, पन्नाशीला आलेले गृहस्थ. बारामतीत एका खोलीत एकटे राहत, आपलं जेवण आपणच रांधत आणि ते वाईट रांधत. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळं सगळ्यांना तुम्ही म्हणत. ठमाबाईला तुम्ही म्हणणारं त्या मुलखात दुसरं कुणी नव्हतं.

आज त्यांना धीर धरवत नव्हता. इतकी वर्षं जे शब्दांनी जमलं नाही, ते आज आपोआप जमणार होतं. वस्तीतल्या सगळ्यात मानाच्या घरातली नात, आणि तिच्या आत्म्यावर ठमाबाईच्या हाताचा शिक्का. असा पुरावा त्यांना मागूनही मिळाला नसता. प्रवचनाच्या वेळी ते वेदीवरून खाली उतरून लोकांत आले.

"ठमाबाई, तुम्ही उभ्या राहा."

ती उभी राहिली.

"सावळाराम म्हणतात, पाणी बालिकेच्या मस्तकाला लागले की नाही याविषयी शंका आहे. माझ्या मनात शंका नाही. परंतु तुम्ही सर्वांसमक्ष सांगा. पाणी लागले ना?"

ते ज्या आवाजात विचारत होते, त्यातच त्यांचं उत्तर होतं. ठमाबाईला ते देऊन टाकावंसं वाटत होतं. लागलं, फादरबाबा, टाळूला लागलं, कानामागनं ओघळलं, मी डोळ्यांनी बघितलं. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला फुलाबाई दिसली.

फुलाबाई बायकांच्या बाजूला भिंतीशी बसली होती. मांडीवर पोरगी झोपली होती. तिच्या एका अंगाला रिकामं तरट होतं आणि दुसऱ्या अंगालाही. बाकीच्या बायका पलीकडं दाटीवाटीनं, एकमेकींच्या पायांवर पाय ठेवून बसल्या होत्या. ती रिकामी जागा ठमाबाईच्या चांगल्या ओळखीची होती. तिच्या भोवती ती इतकी वर्षं होती. आज ती जागाच उठून एका तान्ह्या पोरीभोवती जाऊन बसली होती, आणि जन्मभर तिथंच बसणार होती.

"न्हाय," ठमाबाई म्हणाली. "न्हाय लागलं. दुपट्यावर पडलं."

फादर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी द्वारकाबाईकडं बघितलं. द्वारकाबाई आपल्या पायांची बोटं बघत होती.

"तुम्हाला खात्री आहे?"

"व्हय. हात कापत हुता माझा."

हात कापला असता तर आजवर ही एवढी पोरं तिनं कशी सोडवली असती? फादरांच्याही मनात हे आलं असावं. त्यांचा चेहरा पडला, आणि तो त्यांना लपवता आला नाही. पण जिनं पाणी घातलं तीच नाही म्हणते, तिथं कायद्यापुढं त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी पाणी मागवलं. पोरीला पुढं आणलं तेव्हा ते लोकांना म्हणाले, "मी लॅटिनमध्ये जे म्हणेन त्याचा अर्थ ऐका. जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. झाला असेल, तर हे काही नाही." त्या जर-तरशी वस्तीला काही देणं-घेणं नव्हतं. गोऱ्या हातानं पाणी घातलं, सगळ्यांनी ते पडताना बघितलं, मारिया हे नाव ऐकलं, आणि देवळात एकदम बोलणं सुरू झालं.

मिस्साची उपासना संपल्यावर अंगणात पोरगी या हातातून त्या हातात गेली. द्वारकाबाईनं तिचे इतके मुके घेतले की फुलाबाईलाच हसू आलं. एका म्हातारीनं पोरीवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. ठमाबाई कुंपणापर्यंत गेली, तिथून एकदा मागं वळून बघितलं आणि घरी आली. तिला रडू आलं. रडताना तिला वाटलं की आपण काही चुकीचं केलेलं नाही, आणि तरी ते आवरेना.

त्या आठवड्यात द्वारकाबाई स्वतः येऊन तिच्या कुंपणाशी जोंधळ्याचं गाठोडं आणि चोळीचा नवा खण ठेवून गेली. एवढं देणं बाळंतपणाचं कधीच नसे. ठमाबाईनं जोंधळे दळले. खण मात्र तिला शिववेना. मनातलं सांगायला कुणीतरी हवं होतं. शेजारी भामाबाई होती, तिच्या नवऱ्याची चुलत बहीण. पण ठमाबाई बाटून ख्रिस्ती झाली त्या दिवसापासून ती तिच्याशी बोलत नव्हती. ठमाबाईशी बोलणारी माणसं दोन, एक देव आणि दुसरे फादरबाबा. देवाला माहीत होतंच.

पुढच्या खेपेला फादर आले ते शनिवारी दुपारी. रविवारच्या आधी ते पापांची कबुली ऐकत. देवळाच्या कोपऱ्यात एक फळकूट उभं केलं होतं आणि त्याच्या मधोमध भोकं पाडलेला पत्रा ठोकला होता. अलीकडं माणूस गुडघे टेके, पलीकडं फादर कान लावून बसत. वस्ती सगळी येऊन गेली, आणि शेवटी ठमाबाई गेली.

"फादरबाबा, मी खोटं बोलली."

"कोणाशी?"

"तुमच्याशी. देवळात. पानी लागलं हुतं. टाळूला लागलं, तीनदा. तुमी शिकवलं तसंच केलं, समदं म्हणलं."

फादरांनी मोठा श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

"मला वाटलेच होते," ते म्हणाले. "ठमाबाई, उद्या हे सर्वांना सांगा. मी तुमच्या शेजारी उभा राहीन. तुमच्यावर अन्याय झाला आहे, आणि तुम्ही त्यात हातभार लावलात. असे चालणार नाही. तुमचा हात त्यांच्या हाताएवढाच..."

"मला ठावं हाय त्ये."

फादर थांबले.

"तुमी सांगितलं तवापासनं ठावं हाय. पर आता पोरीला मांडीवर घ्यायला लागल्यात फादरबाबा. दिसभर कुनाकुनाच्या खाकंला असती. मी उद्या उठून सांगितलं, तर पुन्ना खाली ठिवतील तिला. माझं खरं व्हईल आन ती एकली पडंल. एकलं ऱ्हानं कसं आसतं त्ये तुमाला काय सांगायचं? तुमी बी एकलंच ऱ्हाता."

फादरांच्या पुस्तकांत न्यायावर पुष्कळ होतं, आणि त्यातलं बरंचसं त्यांना पाठ होतं.

"सांगण्याची सक्ती मी करणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"आन तुमी सांगशीला कुनाला?"

"नाही. इथे ऐकलेले मला कोणालाच सांगता येत नाही. जीव गेला तरी नाही. इथे ऐकले म्हणून बाहेर वेगळे वागताही येत नाही, एवढा तो कायदा कडक आहे."

"मंग ब्येस हाय." ती जरा पुढं सरकली. तिचा आवाज खाली आला. "फादरबाबा, मंग तुमी घातलं त्ये पानी?"

"ते नुसते पाणी होते."

"आन माझं?"

"तुमचा तो बाप्तिस्मा."

"धुतला तरी जानार न्हाय?"

"नाही, ठमाबाई. तो जाणार नाही."

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग फादरांनी तिला प्रायश्चित्त म्हणून नमो मारियाच्या तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि पापाची क्षमा दिली. क्षमेचे शब्द लॅटिन होते, पण म्हणताना ते मध्येच अडले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

फादर तिच्या आधी बाहेर गेले. अंगणात सावळाराम नातीला घेऊन उभाच होता. त्याच्या घरी आज फादरांचं जेवण होतं. पोरीला त्यानं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घ्या की फादरबाबा. तुमच्या हातची पोरगी हाय."

फादरांनी पोरीला घेतलं. सावळाराम बोलतच होता. पोरगी किती बाळसं धरते आहे, फुला कशी खुशीत आहे. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. एवढ्यात ठमाबाई दारातून बाहेर आली, आणि बायका सवयीनं बाजूला सरकल्या.

ती जाईपर्यंत फादरांनी मान वर केली नाही. ते पोरीच्या टाळूकडं बघत राहिले. त्यांनी आपल्याकडं बघितलं नाही हे ठमाबाईच्या ध्यानात आलं, आणि तिला बरं वाटलं. ते शब्द पाळणार होते.

ओढ्याच्या कडेनं वाटेला कुणी नव्हतं. ठमाबाईनं तीन नमो मारिया मोठ्यानं म्हटल्या. बाभळ दिसायला लागली तेव्हा तिनं चौथी म्हटली, ती आपल्या पाण्याच्या लेकीसाठी.